लोक पोलिसांकडे आणि पोलीस लोकांकडे कसे पाहतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे : संकट आले की लोक पोलिसांनाच बोलावतात, पण एरवी त्यांच्यापासून चार हात लांब राहणे पसंत करतात, आणि पोलीस ज्यांच्या रक्षणासाठी नेमलेले असतात त्याच लोकांकडे संशयाने पाहतात. असे का होते, यात दोष कोणाचा आणि हे बदलू शकते का?

माझा बहुतेक सेवाकाळ पोलीस प्रशिक्षणात गेला. नव्या शिपायांना शिकवणे आणि नाराज नागरिकांचे म्हणणे ऐकून घेणे ही दोन्ही कामे मी बरोबरीने केली आहेत आणि त्यांतून बनलेले मत आधीच स्पष्ट सांगतो. दोन्ही बाजूंची एकमेकांविषयीची मते बहुतांशी खऱ्या अनुभवावर आधारलेली असतात; मात्र तो अनुभव फार निवडक प्रसंगांतला असतो. ते प्रसंग बदलल्याशिवाय मते बदलत नाहीत आणि ते बदलण्याची पहिली जबाबदारी, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याची, म्हणजे पोलिसांची आहे. दोष दोघांचाही असला तरी तो समसमान वाटून देणे मला न्यायाचे वाटत नाही.

पोलिसांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे रोजचे जग बाहेरच्यांना फारसे दिसत नाही. ठाण्यातील अंमलदाराकडे दिवसभरात जी माणसे येतात त्यांच्यात सुखाने आलेला जवळजवळ कोणीच नसतो. कोणाचे घर फुटलेले असते, कोणाला मारहाण झालेली असते, कोणी दारूच्या नशेत असतो, तर कोणी शेजाऱ्याला अडकवण्यासाठी अर्धी खरी आणि अर्धी रचलेली हकिगत घेऊन आलेला असतो. एकाच भांडणाच्या दोन परस्परविरोधी फिर्यादी येतात आणि दोघेही शपथेवर बोलतात. वर्षानुवर्षे हेच ऐकल्यावर समोरच्याचे बोलणे आधी खोटे धरून चालण्याची सवय जडते. त्याच हद्दीत कोणाच्या अध्यात ना मध्यात असणारे हजारो लोक राहत असतात; परंतु त्यांची आणि पोलिसाची गाठच पडत नाही, त्यामुळे पोलिसाच्या मनातील समाजाच्या चित्रात त्यांना जागा नसते.

अमेरिकी अभ्यासक जेरोम स्कोल्निक यांनी १९६६ मध्ये असे मांडले की पोलिसाची नजर दोन गोष्टींनी घडते : कामातील धोका आणि हाती असलेला अधिकार. धोक्यामुळे त्याच्या मनात संभाव्य हल्लेखोराची एक प्रतिमा तयार होते आणि कपडे, चाल, बोलण्याची ढब यांवरून तो धोका ओळखू पाहतो. ही सवय प्रसंगी त्याचा जीव वाचवते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धोक्याची खूण हळूहळू एखाद्या वस्तीची, वयाची किंवा समाजाची खूण होऊन बसते आणि त्या वस्तीतला प्रत्येक तरुण काही न करताच संशयित ठरतो. शिकवताना मी या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ देत असे, कारण पूर्वग्रह बाळगणाऱ्या पोलिसाला तो पूर्वग्रह आहे असे वाटत नाही; तो त्याला अनुभव म्हणतो. अनुभवाला आव्हान दिले की माणूस दुखावतो आणि वर्गातले ऐकणे बंद होते. म्हणून मी त्यांना एवढेच विचारत असे की तुम्ही ज्यांना थांबवले आणि ज्यांच्याकडे काहीही सापडले नाही, त्यांची मोजदाद तुम्ही कधी केली आहे का. ज्याच्याकडे काही सापडते तो माणूस वर्षानुवर्षे लक्षात राहतो, उरलेले विसरले जातात आणि त्यातूनच आपली नजर अचूक असल्याचा भ्रम पक्का होतो.

त्यात एकटेपणाची भर पडते. सणासुदीला बंदोबस्त, रात्रपाळी, ऐन वेळी रद्द होणारी रजा यांमुळे जुनी मैत्री सुटत जाते आणि उठबस खात्यातल्या माणसांपुरतीच उरते. १९५० च्या सुमारास विल्यम वेस्टली यांनी एका अमेरिकी शहरातील पोलिसांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की पोलीस जनतेला विरोधक समजतात आणि त्याच भावनेतून सहकाऱ्याचे दोष झाकण्याचा अलिखित नियम पाळतात. ही दोन्ही वर्तने एकमेकांना पोसतात : बाहेरचे आपल्या विरोधात आहेत असे वाटले की आतल्या चुका लपवल्या जातात आणि त्या लपवल्याचे उघड झाले की बाहेरचे खरोखरच विरोधात जातात.

या दुराव्याचे मोजमापही झाले आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत सुमारे ८,००० पोलिसांपैकी ८६ टक्के पोलिसांनी सांगितले की आपल्या कामातील धोके आणि अडचणी लोकांना नीट समजत नाहीत. सामान्य नागरिकांपैकी ८३ टक्क्यांनी मात्र त्या आपल्याला समजतात असे सांगितले. त्याच पाहणीत, नेमबाजीचा सराव सोडून प्रत्यक्ष कर्तव्यावर कधीही गोळी झाडलेली असल्याचे सांगणारे पोलीस २७ टक्केच होते, तर सर्वसाधारण पोलिसावर सेवेत एकदा तरी गोळी झाडण्याची वेळ येते असे बहुसंख्य लोक धरून चालले होते. पोलीस म्हणतात की लोकांना आम्ही कळत नाही, आणि कळते असे मानणाऱ्या लोकांनी ते ज्ञान बहुधा पडद्यावरून घेतलेले असते.

आता लोकांची बाजू पाहू. पोलीस आपणहून लोकांच्या आयुष्यात शिरतात असा सर्वसाधारण समज आहे. समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट रीस यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतील तीन शहरांत निरीक्षक नेमून गस्तीच्या कामाची नोंद घेतली, तेव्हा पोलीस ज्या घटनांकडे धावले त्यांतील बहुसंख्य घटनांत त्यांना नागरिकांनीच बोलावले होते. म्हणजे लोक विश्वासाने, निदान आशेने, पहिले पाऊल टाकतात. दुरावा त्यानंतरच्या काही मिनिटांत निर्माण होतो.

घरफोडी झालेल्या माणसाचेच उदाहरण घ्या. त्याच्यासाठी तो वर्षातला सर्वांत वाईट दिवस असतो आणि समोरच्या हवालदारासाठी तो त्या दिवसातला चौथा पंचनामा असतो. चोरीला गेलेली वस्तू परत मिळणे अवघड आहे, हे त्या माणसाला बहुधा आधीच ठाऊक असते. त्याला हवे असते ते हे की कोणीतरी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, लिहून घ्यावे आणि पुढे काय होणार ते सांगावे. त्याऐवजी त्याला "थांबा, साहेब बाहेर गेलेत" असे ऐकावे लागते, मग "ही हद्द आमची नाही" असे सांगितले जाते आणि कधी कधी "चोरी कशाला लिहिता, हरवले म्हणून अर्ज द्या" असा सल्लाही मिळतो. हा सल्ला देणारा अंमलदार नेहमीच आळशी किंवा भ्रष्ट असतो असे नाही. पुष्कळ ठिकाणी ठाण्याची कामगिरी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यावर जोखली जाते. आकडा वाढला की वरिष्ठ जाब विचारतात आणि गुन्हा न नोंदवणारे ठाणे कागदावर शांत दिसते. इंग्लंड आणि वेल्समधील पोलीस तपासणी यंत्रणेने २०१४ मध्ये असा निष्कर्ष काढला की पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के गुन्हे नोंदलेच जात नव्हते. सुस्थितीतील, जुन्या परंपरेच्या दलाची ही स्थिती असेल तर इतर ठिकाणची कल्पना करता येते. शिष्टाचाराचे वर्ग घेऊन हा दोष जात नाही, कारण तो मोजमापाच्या पद्धतीत आहे. जोपर्यंत प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्या ठाणेदाराला बैठकीत मान खाली घालावी लागते, तोपर्यंत दारात आलेला फिर्यादी त्याला ओझेच वाटणार.

दुसरा अनुभव पोलिसांनी अडवल्याचा. १९८१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात साध्या वेशातील पोलिसांनी काही दिवसांतच ९०० हून अधिक लोकांना थांबवून त्यांची झडती घेतली. त्यांतील बहुसंख्य लोकांवर कोणतीही कारवाई झाली नाही, पण त्याच दिवसांत तिथे मोठी दंगल उसळली. चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांनी सामाजिक विषमतेबरोबरच पोलीस आणि स्थानिक लोक यांच्यातील तुटलेल्या संबंधांकडेही बोट दाखवले आणि त्यांच्या अहवालाचा प्रभाव १९८४ च्या पोलीसविषयक कायद्यावर पडला. गुन्हेगार पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात जे निरपराध अडकले, त्यांनी घरी जाऊन काय सांगितले असेल याचा हिशेब त्या मोहिमेत कोणीही मांडला नव्हता.

हा हिशेब फार महागात पडतो. शिकागोमध्ये दीर्घकाळ अभ्यास केलेल्या वेस्ली स्कोगन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की पोलिसांबरोबरच्या वाईट अनुभवाचा मनावर होणारा परिणाम चांगल्या अनुभवाच्या चार ते चौदा पट असतो. चांगल्या वागणुकीने मत जेमतेम हलते, वाईट वागणुकीने ते कोसळते. वरिष्ठ अधिकाऱ्यांना मी हे पुनःपुन्हा सांगत आलो आहे, कारण त्यातून निघणारा अर्थ त्यांच्या आवडत्या उपक्रमांच्या विरुद्ध जातो. मेळावे, स्पर्धा, गुलाबाची फुले वाटणे यांना माझा विरोध नाही. परंतु ठाण्यातला एक उर्मट माणूस अशा कित्येक कार्यक्रमांची कमाई एका दुपारी घालवतो. म्हणून चांगले प्रसंग वाढवण्यापेक्षा वाईट प्रसंग कमी करण्यावर आधी श्रम खर्च केले पाहिजेत.

काही ठिकाणी अविश्वास आजच्या पोलिसांनी कमावलेला नसून वारशाने आलेला असतो. लंडनमध्ये १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी नवे पोलीस दल उभारले, तेव्हा लष्कराच्या लाल रंगापासून ते वेगळे दिसावे म्हणून मुद्दाम निळा गणवेश ठरवण्यात आला. तरीही लोक त्या दलाला सत्तेचे हस्तक मानत. १८३३ मध्ये एका सभेवरील कारवाईत रॉबर्ट कली हा शिपाई भोसकला गेला, तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीतील सामान्य नागरिकांनी ती हत्या समर्थनीय असल्याचा निर्णय दिला. जे दल पुढे लोकाभिमुख पोलिसांचा आदर्श म्हणून गाजले, त्याची सुरुवात अशी होती. वसाहतींत मात्र ब्रिटिशांनी लंडनचा नमुना नेला नाही. आयर्लंडमध्ये बंडखोर प्रजेला काबूत ठेवण्यासाठी उभारलेल्या सशस्त्र दलाचा नमुना नेला. १८५७ च्या उठावानंतर आलेला भारतातील १८६१ चा पोलीस कायदा त्याच विचाराचा होता. असे दल राज्यकर्त्याला उत्तरदायी असते, रहिवाशाला नव्हे. आणि राज्यकर्ते बदलले तरी दलाने मान वर करून कोणाकडे पाहायचे ही सवय आपोआप बदलत नाही. लोकांच्या आठवणीही बदलत नाहीत. "पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस" हा सल्ला मुलांना अशा आईवडिलांकडून मिळतो, ज्यांचा स्वतःचा ठाण्याशी कधीही संबंध आलेला नसतो.

हे बदलते का? बदलते, पण ज्या उपायांवर सहसा भर दिला जातो त्यांनी नव्हे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ मध्ये काही भागांतील गाडीवरची गस्त वाढवली, काही भागांत जवळजवळ बंद केली, तरी गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भावनेत फरक पडला नाही. अनेकांच्या तर बदल लक्षातही आला नाही. याउलट अमेरिकेतल्याच नूअर्क शहरात त्याच दशकाच्या अखेरीस पायी गस्त सुरू केली, तेव्हा गुन्हे घटले नसले तरी लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. गाडीतून जाणारा पोलीस लोकांना दिसतो, पण पायी चालणाऱ्याशी बोलता येते आणि त्यालाही त्या गल्लीतली निरुपद्रवी माणसे भेटतात. बीट अंमलदाराला, म्हणजे ठरावीक भाग सोपवलेल्या पोलिसाला, वरचेवर बदलू नये, असा आग्रह मी धरतो तो यासाठीच. जपानमधील छोट्या चौक्यांची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि तेथील पोलिसाने तक्रार नसतानाही घरोघरी जाऊन ओळख ठेवणे हा त्याच्या कामाचा भाग मानला जातो. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या होत्या. तिथे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील सामान्य माणसांच्या मोहल्ला समित्या बांधल्या, पोलिसांना नियमितपणे त्यांच्या बैठकांत बसवले आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. समित्या दंगलीनंतर नव्हे, तर शांततेच्या काळात उभारल्या गेल्या होत्या, हे यातले मर्म आहे. आग लागल्यावर बोलावलेल्या शांतता समितीत सहसा पुढारी येतात. गल्लीतली माणसे येत नाहीत.

वागणुकीचा परिणाम किती होतो, याविषयी अमेरिकी अभ्यासक टॉम टायलर यांनी शिकागोतील नागरिकांच्या मुलाखतींवरून १९९० मध्ये मांडलेला निष्कर्ष माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो : निकाल आपल्या बाजूने लागला की नाही यापेक्षा आपले ऐकून घेतले गेले का, नियम सर्वांना सारखा लावला गेला का आणि आपला मान राखला गेला का, यांवरून लोक अधिकाऱ्याला मानायचे की नाही हे ठरवतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हे रस्त्यावर तपासले गेले. मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांना शोधण्यासाठी लावलेल्या निम्म्या नाक्यांवर पोलिसांनी नेहमीसारखे काम केले. उरलेल्या निम्म्या नाक्यांवर चालकाला तपासणीचे कारण सांगितले, त्याला विशेष म्हणून निवडलेले नाही हे स्पष्ट केले, त्याचे मत विचारले आणि आभार मानले. दुसऱ्या प्रकारच्या नाक्यांवरून गेलेल्यांचे पोलिसांविषयीचे मत अधिक चांगले आढळले आणि त्यासाठी प्रत्येकामागे सुमारे एक मिनिटच जास्त लागले होते.

मात्र स्कॉटलंडमध्ये २०१३-१४ मध्ये हाच प्रयोग केला तेव्हा उलटे घडले, लोकांचे मत किंचित खालावले. संशोधकांनी कारण शोधले तेव्हा त्यांना पोलीस दलातच नाराजी सापडली. दलाची नुकतीच मोठी पुनर्रचना झाली होती, प्रयोगाचा हेतू पोलिसांना नीट समजावून सांगितलेला नव्हता आणि वरून लादलेली वाक्ये ते नाराजीने म्हणत होते. मला हा फसलेला प्रयोग यशस्वी प्रयोगापेक्षा अधिक शिकवणारा वाटतो. ज्या शिपायाला वरिष्ठ कारण सांगत नाहीत, ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, ज्याला रजेसाठी हात जोडावे लागतात, त्याने रस्त्यावर अनोळखी माणसाला कारण सांगावे, त्याचे ऐकावे आणि त्याचा मान राखावा ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? भारतातील २१ राज्यांतील पोलिसांच्या २०१९ मधील पाहणीत कामाचा सरासरी दिवस १४ तासांचा आढळला आणि निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुटीच मिळत नव्हती. उर्मटपणाला हे निमित्त होऊ शकत नाही, हे मी कोणाही पोलिसाला तोंडावर सांगतो. पण त्याच्या वरिष्ठांना तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो की थकलेल्या आणि अपमानित माणसाकडून सौजन्याची हमी मागता येत नाही.

छातीवरच्या कॅमेऱ्यांकडून मोठ्या आशा होत्या, पण वॉशिंग्टनमध्ये २,००० हून अधिक पोलिसांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात बळाचा वापर किंवा तक्रारी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुरावा म्हणून कॅमेरा उपयोगी आहे, विश्वास मात्र त्या चित्रीकरणाचे पुढे कोण काय करतो यावर ठरतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील दीर्घ संघर्षाने पोळलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक असलेल्या कॅथलिकांचे पोलिसांतील प्रमाण सुमारे ८ टक्के होते. तिथे २००० मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी पोलिसांपासून पूर्णपणे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले, २००१ मध्ये दलाचे नाव आणि बोधचिन्ह बदलले आणि दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून केली गेली. २०११ पर्यंत त्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर पोहोचले. एवढे सगळे करूनही तिथला अविश्वास पूर्ण संपलेला नाही, पण ज्यांच्या घरात पोलिसात जाणे म्हणजे द्रोह मानला जात असे त्यांची मुले आता गणवेशात आहेत. तक्रारीची चौकशी त्याच ठाण्यातला अधिकारी करणार असेल, तर इतर सर्व सुधारणा अर्धवट राहतात, या मतावर मी ठाम आहे.

लोकांच्या वाट्याचा दोष शेवटी सांगतो आहे, पण तो लहान नाही. नियम सर्वांना लागू व्हावा अशी मागणी करणारा माणूस स्वतः अडवला गेला की ओळखीच्या बड्या माणसाला फोन लावतो आणि तो फोन ऐकलेला शिपाई त्या दिवशी एवढेच शिकतो की कायदा दुबळ्यांसाठीच आहे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे संशयिताला कोठडीत मारल्याच्या किंवा खटल्याविना संपवल्याच्या बातमीचे अनेक जण स्वागत करतात. आरोपी दुसरा कोणी असतो तोपर्यंत ते त्यांना झटपट न्यायासारखे वाटते. परंतु ज्या अधिकाऱ्याला पुराव्याविना हात उचलण्याची मुभा लोकांनीच दिली, त्याने आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र पुरावा तपासावा, ही अपेक्षा ते कशी करणार? लोकांना वाटणाऱ्या पोलिसांच्या भीतीचा एक भाग या टाळ्यांतून आलेला आहे.

प्रत्यक्षात सुरुवात कुठून करावी, असे विचारले तर मी ठाणेदाराला सांगेन की दर आठवड्याला मागील काही फिर्यादींना स्वतः फोन करावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात : तुमचे पूर्ण ऐकून घेतले का, तुम्हाला नोंदीची प्रत मिळाली का, पुढे काय झाले हे कोणी कळवले का. उत्तरे ठाण्यातील सर्वांसमोर वाचावीत, मात्र नोंदलेल्या गुन्ह्यांच्या वाढत्या आकड्यासाठी कोणालाही बोलणी ऐकवू नयेत. नागरिकाला सांगेन की तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, अंमलदाराचे नाव लिहून ठेवावे आणि वागणूक वाईट मिळाली तर वरिष्ठांकडे लेखी जावे. वागणूक चांगली मिळाली तरीही तेवढ्याच आवर्जून, त्या अंमलदाराचे नाव घालून, लेखी कळवावे, कारण अशी पत्रे इतकी क्वचित येतात की एखादे आले तर ते ठाण्यात बरेच दिवस हातोहात फिरते.